केसाने कापलेले गळे

२६ जुलै १९७८. वॉशिंग्टन शहराच्या आग्नेय भागात एक टॅक्सीवाला पहाटेच्या अंधारात घरी परतला आणि आपल्याच दाराशी गोळी लागून मेला. त्याच्या बायकोला मारेकरी दिसला, चेहरा मात्र दिसला नाही. त्याने तोंडावर बायकांचा लांब पायमोजा, म्हणजे स्टॉकिंग, ओढून घेतला होता. थोड्या वेळाने पोलिसांच्या कुत्र्याने वास काढत जवळच्या फुटपाथवर पडलेला तो स्टॉकिंग शोधून दिला. मुद्देमाल म्हणून तो एफबीआयच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे तो झटकून, निरखून त्यातून १३ केस वेगळे काढण्यात आले.

पोलिसांचा संशय सँटे ट्रिबल नावाच्या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर होता. जानेवारी १९८० मध्ये खटला उभा राहिला तेव्हा तो १९ वर्षांचा झाला होता. त्या रात्री मी आईच्या घरी झोपलो होतो, असं त्याने शपथेवर सांगितलं. घरच्यांनीही तेच सांगितलं. एफबीआयचा तज्ज्ञ मात्र म्हणाला की स्टॉकिंगमधला एक केस ट्रिबलच्या केसाशी सूक्ष्मदर्शकाखाली सर्व बाबतींत जुळतो. शेवटच्या भाषणात सरकारी वकिलाने ज्यूरीसमोर त्याला आकड्याची जोड दिली: हा केस दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता फार तर एक कोटीत एक.

ज्यूरी आत गेली. दोन तासांनी तिने त्या स्टॉकिंगविषयी एक प्रश्न विचारून पाठवला. त्यानंतर ४० मिनिटांत निकाल आला: दोषी. शिक्षा किमान २० वर्षं, कमाल जन्मठेप.

एक कोटीत एक. हा आकडा कुठून आला? कुठल्याच तक्त्यातून नाही, कुठल्याच मोजणीतून नाही. जगात कुणीही, कधीही तो मोजलेला नव्हता. भर कोर्टात तो तोंडातून निघाला आणि एका पोराच्या आयुष्याचा फैसला करून गेला. पुढच्या सगळ्या हकिकतीचं मूळ मला या एका वाक्यात दिसतं, म्हणून आधी ते वाक्य जिथे जन्मलं ती खोली पाहू.

केस तपासणाऱ्याच्या टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी असतात. वरून एका पुलाने ते जोडलेले असतात आणि नेत्रभिंग एकच. डोळा लावला की गोल प्रकाशात मधोमध उभी बारीक रेघ दिसते. रेघेच्या एका बाजूला घटनास्थळावरचा केस, दुसऱ्या बाजूला आरोपीच्या डोक्यावरून घेतलेला. चारशे पटींनी मोठा केलेला केस बांबूएवढा जाड वाटतो. सगळ्यात बाहेर पारदर्शक खवले, कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले. आत मुख्य थर, त्यात रंगाचे कण. कुठे विखुरलेले, कुठे गुच्छ करून बसलेले. आणि अगदी मध्ये गाभा. तो कुणाच्या केसात सलग असतो, कुणाच्या तुटक, कुणाच्या केसात नसतोच. तपासणारा केस मुळापासून टोकापर्यंत सरकवत नेतो. जाडी, रंगकण, टोकाची कापणी, रंग लावल्याच्या खुणा अशा पंधरा-वीस गोष्टी टिपतो आणि मग ठरवतो: जुळतो की नाही.

या कामाला डोळा लागतो, वर्षानुवर्षांची सवय लागते. त्या माणसांच्या कष्टांविषयी मला शंका नाही. अडचण अशी की एकाच डोक्यावरचे सगळे केस सारखे नसतात. सकाळी कंगव्यात अडकलेले चार केस उजेडात धरून पाहा: एक जाड, एक बारीक, एकाचा रंग उतरलेला. कानामागचा केस माथ्यावरच्या केसापेक्षा वेगळा असतो. आणि अमुक प्रकारचा गाभा, तमुक प्रकारचे रंगकण शंभरात किती माणसांत सापडतात याची नोंदवही कुणाकडेच नव्हती. नोंदवहीच नाही, तर शक्यता कशाच्या जोरावर सांगायची?

आपल्याकडे पत्रिका जुळवतात. ३६ पैकी २८ गुण जुळले तर घरात आनंद होतो. पण म्हणून या मुलीसाठी पृथ्वीवर हाच एक नवरा, असं कुणी म्हणत नाही. पुढच्या गल्लीतल्या मुलाशीही २८ जुळतील हे सगळ्यांना ठाऊक असतं. केस ‘जुळतो’ याचाही अर्थ खरं तर तेवढाच होता. ज्यूरीने मात्र तो ‘त्याचाच आहे’ असा ऐकला, आणि तसाच ऐकला जावा अशी बोलणाऱ्यांची धडपड होती.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. १८६१ साली जर्मनीत रुडॉल्फ विरखोव यांच्यापुढे असाच प्रश्न आला होता. आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. आरोपीकडे सापडलेले केस मृत व्यक्तीच्या केसांसारखे दिसतात, पण ते तिच्याच डोक्यावरचे आहेत असं म्हणण्याचा हक्क कुणाला नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ट्रिबलच्या खटल्याच्या ११९ वर्षं आधी.

पुढे १९१० साली पॅरिसमध्ये व्हिक्टर बाल्थाझार यांनी मार्सेल लाम्बेर यांच्याबरोबर माणसांच्या आणि प्राण्यांच्या केसांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच साली लिऑनच्या न्यायालयाच्या इमारतीत, वरच्या पोटमाळ्यावरच्या खोल्यांत एडमंड लोकार्ड यांनी पोलिसांची प्रयोगशाळा मांडली. गुन्हेगार जागेवर काही ठेवून जातो आणि तिथलं काही घेऊन जातो, ही लोकार्डची शिकवण आजही पोलिस प्रशिक्षणात सांगितली जाते. १९१२ मध्ये त्यांनी एका तरुणाच्या नखांतला मळ खरवडून काढला. त्यात त्याच्या खून झालेल्या प्रेयसीच्या चेहऱ्याची पावडर सापडली. ती पावडर तिच्यासाठी खास बनवून दिलेली होती आणि बनवणारा औषधवालाही सापडला. तरुणाने गुन्हा कबूल केला. इथे पावडरीला एक पत्ता होता, कुणी बनवली आणि कुणाला दिली ते सांगणारा माणूस हयात होता. केसाला असा पत्ता नसतो.

धाग्याला असतो. म्हणून अटलांटाची गोष्ट थोडी थांबून सांगतो.

१९७९ ते १९८१ या काळात अटलांटात कृष्णवर्णीय मुलं आणि तरुण एकामागून एक मारले जात होते. प्रेतांवर जॉर्जिया राज्याच्या प्रयोगशाळेतल्या लॅरी पीटरसनना पुन्हा पुन्हा एक हिरवट-पिवळा नायलॉनचा जाड धागा सापडत होता. कापून पाहिला तर त्याचा छेद त्रिकोणी, पण दोन बाजू लांब आणि एक आखूड. असा छेद सहसा दिसत नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये वर्तमानपत्रात धाग्यांची बातमी फुटली आणि त्यानंतर प्रेतं नदीत सापडू लागली, अंगावर कपडे जवळजवळ नसायचेच. पोलिस पुलांवर दबा धरून बसले. २२ मे च्या पहाटे चॅटाहूची नदीत काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि पुलावरून जाणारी वेन विल्यम्स याची गाडी अडवली गेली. त्याच्या घरात हिरवा गालिचा होता.

एफबीआयचे हॅरल्ड डेडमन मग कारखान्यांच्या वह्यांमागे लागले. धागा वेलमन कंपनीचा, गालिचा वेस्ट पॉइंट पेपरेल कंपनीचा. किती वार विकला गेला, कोणत्या राज्यांत, कोणत्या वर्षी, हे सगळं कागदावर होतं. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की अटलांटा परिसरात असा गालिचा फार तर ८२ खोल्यांत असेल. परिसरात घरं होती ६,३८,९९५. म्हणजे ७,७९२ घरांत एक. या हिशेबात गृहीतकं होती आणि बचाव पक्षाला त्यांवर बोट ठेवता येत होतं. कोणती खोली धरली, कोणती सोडली, यावर वाद घालता येत होता. २७ फेब्रुवारी १९८२ रोजी दोन खुनांसाठी विल्यम्स दोषी ठरला. मुलांच्या खुनांचे खटले त्याच्यावर कधीच चालले नाहीत आणि आपण निर्दोष असल्याचं तो सांगत राहिला. त्या निकालावर अजूनही मतभेद आहेत, आणि असोत. ७,७९२ हा आकडा कुठून आला ते मात्र कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं. एक कोटीचा आकडा तपासायला कागदच नव्हता.

केसांच्या बाबतीत असा एक कागद तयार करायचा प्रयत्न झाला, नाही असं नाही. १९७४ साली कॅनडाच्या पोलिस प्रयोगशाळेतल्या बॅरी गोडेट यांनी वेगवेगळ्या माणसांचे केस जोड्या लावून तपासले आणि चुकून जुळण्याची शक्यता ४,५०० त एक अशी मांडली. पण तपासणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं की समोरचे केस वेगवेगळ्या माणसांचे आहेत. उत्तर माहीत असताना सोडवलेलं गणित ते. तरी हा आकडा अमेरिकेतल्या कोर्टांत कितीतरी वर्षं फिरत राहिला.

सगळ्यात मोठं दुःख याचं की एफबीआयच्या लेखी अहवालांत शेवटी एक ओळ छापलेली असायची: केसांच्या तुलनेवरून व्यक्तीची निश्चित ओळख पटवता येत नाही. कागदावर ही ओळ, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर दुसरीच भाषा. एखादा तज्ज्ञ सांगायचा की मी हजारो केस तपासले, दोन वेगळ्या माणसांचे केस ओळखता आले नाहीत असं क्वचितच घडलं. ज्यूरीत बसलेला शिक्षक, दुकानदार किंवा गृहिणी ते ऐकून काय समजणार? ज्यूरी म्हटलं की आपल्याला नानावटी खटला आठवतो. कोर्टात घुमणारं आत्मविश्वासाचं बोलणं सामान्य माणसाला कसं वाहून नेतं, हे मुंबईने १९५९ साली पाहिलेलं आहे.

हा बुरूज ढासळायला सुरुवात झाली ती डीएनएमुळे. केसाच्या मुळाशी मांस असेल तरच नेहमीचा डीएनए मिळतो. गळून पडलेल्या केसात तो बहुधा नसतो. पण पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए केसाच्या काडीतही टिकतो. तो आईकडून येतो, त्यामुळे सगळ्या भावंडांत सारखाच असतो. एकट्या माणसाची ओळख तोही पटवत नाही. हा केस अमक्याचा नाहीच, एवढं मात्र ठामपणे सांगतो. १९९६ पासून अमेरिकेत तो कोर्टात येऊ लागला. २००२ मध्ये एफबीआयच्याच दोन शास्त्रज्ञांनी, मॅक्स हौक आणि ब्रूस बुडोवल यांनी, जुन्या प्रकरणांतले केस त्यावर घासून पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली जुळलेल्या ८० पैकी ९ केस दुसऱ्याच माणसाचे निघाले.

एक कोटीत एक म्हणत होते. निघाले ८० त ९.

इतकं होऊनही केसांची सगळी जुनी प्रकरणं उघडायला कुणी पुढे आलं नाही. त्याआधीही एक संधी अशीच वाया गेली होती. एफबीआयमधलेच शास्त्रज्ञ फ्रेडरिक व्हाइटहर्स्ट यांनी प्रयोगशाळेतल्या गैरकारभाराविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा एप्रिल १९९७ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा मोठा अहवाल आला. त्यात केसांचे तज्ज्ञ मायकेल मॅलोन यांच्या खोट्या साक्षीवरही ठपका होता. त्याला आठवडाही उलटला नव्हता, तोच टेक्सासमध्ये बेंजामिन बॉइल याला मृत्युदंड दिला गेला. त्याच्या खटल्यातही मॅलोनची साक्ष होती. पुढे एका स्वतंत्र शास्त्रज्ञाने ती तपासणी विज्ञानाला धरून नसल्याचं म्हटलं. खात्याने जुनी प्रकरणं तपासायला पथक नेमलं. ते नऊएक वर्षं चाललं, निष्कर्ष सरकारी वकिलांना कळवले गेले, आणि कितीतरी कैद्यांपर्यंत ते पोचलेच नाहीत.

त्यातलाच एक डोनाल्ड गेट्स. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक पार्कमध्ये एका विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला होता. १९८२ साली मॅलोनच्या साक्षीवर गेट्स दोषी ठरला. डिसेंबर २००९ मध्ये डीएनएने तो निर्दोष असल्याचं सिद्ध झालं. २८ वर्षांनी बाहेर सोडताना तुरुंगाने त्याच्या हातात ७५ डॉलर आणि बसचं तिकीट ठेवलं.

गेट्सची वकील होती सँड्रा लेविक, वॉशिंग्टनच्या सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयातली. तिने तिथेच फाइल बंद केली नाही. एक माणूस अडकला तर त्याच टेबलावरून आणखी किती अडकले असतील, हा प्रश्न तिने लावून धरला आणि जुन्या खटल्यांचे मुद्देमाल मागवायला सुरुवात केली. त्यात कर्क ओडम निघाला. १९८१ च्या बलात्काराच्या आरोपात, गाऊनवरच्या एका केसाने दोषी ठरलेला. २० वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता, सुटल्यावरही लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत त्याचं नाव राहिलं. १३ जुलै २०१२ रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं.

आणि त्यात तो स्टॉकिंगही निघाला.

जानेवारी २०१२ मध्ये ट्रिबलच्या खटल्यातल्या तेराही केसांचे डीएनए अहवाल आले. एकही केस ट्रिबलचा नव्हता. त्याच गुन्ह्यात स्वतंत्रपणे दोषी ठरवलेल्या त्याच्या मित्राचाही नव्हता. आणि तेरांपैकी एक केस माणसाचाच नव्हता, कुत्र्याचा होता.

इथे क्षणभर थांबा. केस टेबलावर आला की तपासणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा असतो: माणसाचा की जनावराचा? माणसाच्या केसात गाभा रुंदीच्या एक तृतीयांशाहून कमी असतो, कुत्र्या-मांजरांच्या केसात सहसा निम्म्याहून जास्त. या विद्येचा हा पहिला धडा. ज्या टेबलावर तो चुकला, त्याच टेबलाच्या भरवशावर सरकारी वकिलाने एक कोटीचा आकडा उच्चारला होता. मराठीत केसाने गळा कापणं म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याचा घात करणं. या हकिकतीत तो वाक्प्रचार अक्षरशः खरा झाला.

वॉशिंग्टन पोस्टने त्या वर्षी या प्रकरणांवर मोठी लेखमाला चालवली आणि जुलै २०१२ मध्ये सरकारला हजारो जुनी प्रकरणं तपासायची घोषणा करावी लागली. एप्रिल २०१५ मध्ये पहिला हिशेब जाहीर झाला. एफबीआयच्या तज्ज्ञांनी आरोपीविरुद्ध साक्ष दिलेले २६८ खटले तपासले, त्यांतल्या २५७ खटल्यांत साक्ष शास्त्राच्या पलीकडे गेलेली होती. २८ तज्ज्ञांपैकी २६ जणांकडून ही चूक झाली होती. मृत्युदंडाची ३५ प्रकरणं होती, त्यांतल्या ३३ मध्ये सदोष साक्ष. त्यांतल्या ९ जणांना तोवर मृत्युदंड दिला गेला होता आणि ५ जण तुरुंगात वारले होते. हे सगळे निर्दोष होते असा याचा अर्थ नाही, काहींविरुद्ध इतर पुरावेही होते. पण २५७ वेळा न्यायाधीश आणि ज्यूरीसमोर जे सांगितलं गेलं ते सांगायला आधार नव्हता. शिवाय याच तज्ज्ञांनी राज्याराज्यांतल्या शेकडो तपासनिसांना प्रशिक्षण दिलं होतं.

राज्यांतली गोष्ट सांगायची तर क्लॉड जोन्सची सांगावी लागेल. १९८९ मध्ये टेक्सासच्या एका गावातल्या दारूच्या दुकानात मालकाचा खून झाला आणि काउंटरवर इंचभर लांबीचा एक केस सापडला. टेक्सासचा कायदा म्हणतो की नुसत्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देता येत नाही, दुसरा आधार लागतो. जोन्सच्या खटल्यात तो आधार होता हा केस. डिसेंबर २००० मध्ये मृत्युदंडापूर्वी त्याने डीएनए तपासणीसाठी मुदत मागितली. गव्हर्नर जॉर्ज बुश यांच्यापुढे ठेवलेल्या टिपणात त्या मागणीचा उल्लेखच नव्हता. ७ डिसेंबरला जोन्स गेला. दहा वर्षांनी तो केस तपासला गेला, तेव्हा तो दुकानाच्या मालकाचाच निघाला.

ट्रिबलला डिसेंबर २०१२ मध्ये कोर्टाने निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र दिलं. एकूण २८ वर्षं तो तुरुंगात होता. २०१६ मध्ये त्याला १ कोटी ३२ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. २०२० मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी तो वारला.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद तिच्यात आहे आणि ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे केस, धागे, माती, रक्ताचे डाग असलेली सीलबंद पाकिटं आता आणखी मोठ्या संख्येने मुंबईतल्या कलिना आणि इतर प्रयोगशाळांत जाणार. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्याच संहितेत जुन्या कायद्यातून आलेली आणखी एक तरतूद आहे: सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल, त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. कोर्टाला वाटलं तर त्याला बोलावता येतं.

तर वाचकांत कुणी वकील असतील, कोर्टात काम करणारे असतील, कुणाचा मुलगा आज कायदा शिकत असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. सी.ए. रिपोर्टवर, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालावर, नुसती निशाणी पाडून पुढच्या साक्षीदाराकडे वळू नका. ज्या अहवालात ‘जुळतो’, ‘साम्य आढळले’ असे शब्द असतील, तो लिहिणाऱ्याला पिंजऱ्यात बोलवा आणि शांतपणे विचारा: असं साम्य आणखी किती जणांशी आढळेल, आणि ते तुम्ही कशावरून सांगता?

उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.